लेकुरवाळीचा प्रवास आणि कायद्याचें एक वाक्य

आगगाडीची थोरवी सांगतांना बहुतेक लोक तिच्या वेगाची गोष्ट काढतात. कोणी घाटांतील बोगद्यांचें वर्णन करतो, कोणी नदीवरील पुलांचें, तर कोणी रात्रीं निजून सकाळीं दुसऱ्या प्रांतांत जागें होण्याच्या नवलाचें. परंतु त्याच गाडींत एक अरुंद खण असा आहे कीं, चार माणसांच्या बैठकींत त्याचा उच्चार करण्यास जीभ कचरते. आणि तरीहि लांबच्या प्रवासांत माणसाची अब्रू, प्रकृति व मनाची स्वस्थता हीं तिन्ही त्या खणाच्या दाराशींच अडलेलीं असतात. तो खण म्हणजे शौचकूप. एकट्यादुकट्या पुरुषाला त्याची आठवण गरजेपुरतीच होते. पण कडेवर एक, बोटाशीं एक आणि खांद्याला दुपट्यांची पिशवी अशा थाटांत जी लेकुरवाळी गाडींत चढते, तिची नजर बसण्याच्या जागेकडे जाण्यापूर्वीं त्या दाराकडे जाते.

असल्या क्षुल्लक विषयावर कायदेमंडळानें वेळ खर्च करावा काय, असें कित्येक श्रोत्यांस वाटेल. रेल्वेच्या अधिकाऱ्यांनीं ती सोय करावी, उतारूंनीं ती स्वच्छ राखावी, म्हणजे झालें. त्यांत कायद्याचें काय काम? या प्रश्नाचें उत्तर आपल्याच देशाच्या कायद्यांत, आणि तेंहि सव्वाशें वर्षांहून अधिक काळ मागें, देऊन ठेवलेलें आहे. १८९० सालच्या भारतीय रेल्वे कायद्याचें ६४ वें कलम तें होय. तें फार थोड्यांच्या वाचनांत आलें असेल. परंतु त्यांतील एक वाक्य लाखों घरांतील आयाबायांच्या प्रवासाशीं निगडित होतें. त्या वाक्याची हकीकत, आणि आज तें वाक्य कोठें आहे याचा विचार, हाच या भाषणाचा विषय.

बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली ती १६ एप्रिल १८५३ रोजीं. तें अंतर २१ मैलांचें. एवढ्या प्रवासांत शौचकुपाची उणीव भासण्याचें कारण नव्हतें. पण रूळ लांबत गेले. १८६३ सालीं भोर घाटांतून गाडी चढूं लागली व मुंबईपुण्याचा मार्ग सलग झाला. १८७० सालीं मुंबईची वाट जबलपूरवरून थेट कलकत्त्यास जाऊन मिळाली. तासांचा प्रवास दिवसांचा झाला. खालच्या वर्गाचे डबे मात्र पुष्कळ काळ जणूं ठाण्याच्या प्रवासापुरतेच बांधलेले राहिले. त्या वर्गाच्या उतारूनें मोठें स्टेशन येण्याची वाट पाहावी, गाडी थांबतांच खालीं उतरावें, फलाटाच्या टोकाशीं असलेल्या आडोशाकडे धांव घ्यावी, आणि गार्डाची शिट्टी होण्यापूर्वीं परतावें, असा सर्वसाधारण शिरस्ता होता.

पुरुषांस ही गैरसोय होती. स्त्रियांस ती शिक्षाच होती. उतरावें तर मूल कोणाच्या स्वाधीन करावें? मुलास घेऊन उतरावें तर वळकटी व ट्रंक यांवर लक्ष कोणीं ठेवावें? गाडी सुटली आणि धाकटें मूल आंत राहिलें तर? अनोळखी गांवच्या फलाटावर, परक्या पुरुषांच्या देखत, लुगड्याचा घोळ सांवरीत धांवावयाचें तरी कसें? या सर्व प्रश्नांस घरोघरच्या स्त्रियांनीं एकच उत्तर शोधून काढलें होतें: प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून पाणी तोडावयाचें व अन्नास शिवावयाचें नाहीं. नाशिकची यात्रा असो, काशीची असो किंवा मुलीच्या बाळंतपणासाठीं करावयाची धांवपळ असो, निम्मा प्रवास उपासाचा. पाणी टाळल्यानें व नैसर्गिक वेग रोखून धरल्यानें मूत्रमार्गाचे विकार बळावतात हें वैद्यांस ठाऊक आहे. आणि अंगावर पिणारें मूल असलेल्या बाईची तहान तिच्या एकटीची राहत नाहीं, हें समजण्यास वैद्याचीहि गरज नाहीं.

अशा स्थितींत १८९० चा कायदा झाला. त्याच्या ६४ व्या कलमाचा आशय थोडक्यांत असा: १ जानेवारी १८९१ पासून प्रत्येक रेल्वे प्रशासनानें, उतारू नेणाऱ्या प्रत्येक गाडींत, त्या गाडीच्या सर्वांत खालच्या वर्गाच्या डब्यांतील निदान एक खण केवळ स्त्रियांसाठीं राखून ठेवला पाहिजे, आणि गाडीचा पल्ला ५० मैलांहून अधिक असेल, तर अशा राखीव खणांपैकीं एकास शौचकूप असलेंच पाहिजे. एवढेंच तें कलम. परंतु व्याकरणाच्या तासाला वाक्य फोडून पाहावें तसें तें फोडून पाहिलें, तर त्यांतील तीन गोष्टी ध्यानांत धरण्याजोग्या दिसतात.

पहिली गोष्ट, सोय कोणास द्यावयाची हें त्यांत ठरलेलें आहे. वरच्या वर्गाच्या उतारूंची काळजी रेल्वे कंपन्या आपण होऊनच घेत, कारण त्यांचें भाडें मोठें आणि त्यांची तक्रार वरपर्यंत पोंचे. कायद्यानें हात धरला तो सर्वांत खालच्या वर्गाचा. म्हणजे जिला अर्ज लिहितां येत नाहीं, साहेबाशीं बोलतां येत नाहीं, आणि वेळीं नवऱ्यापाशींहि हें बोलण्यास जी लाजते, तिचा.

दुसरी गोष्ट, त्यांत माप आहे. ‘लांबच्या गाड्यांस’ असें मोघम न म्हणतां ५० मैल असा आंकडा घातला आहे. मुंबईहून कल्याण सुमारें ३३ मैल. तेथेंच संपणाऱ्या गाडीस हें बंधन लागू नव्हतें. पुणें सुमारें ११९ मैल. पुण्याच्या गाडीस तें लागू होतें. नाशिक, भुसावळ, सोलापूर यांच्या गाड्यांविषयीं तर प्रश्नच नाहीं. गाडी नियमांत बसते कीं नाहीं हें ठरविण्यास विद्वत्ता लागत नव्हती. मैलांचें कोष्टक पुरे होतें. ज्या नियमास माप असतें तो मोडला गेल्यास कोणासहि बोट दाखवितां येतें.

तिसरी गोष्ट त्या वाक्याच्या क्रियापदांत आहे. ‘ठेवावा असें इष्ट आहे’ किंवा ‘शक्य तोंवर ठेवावा’ असें त्यांत नाहीं; ‘ठेवला पाहिजे’ असें आहे. कृपा आणि कर्तव्य यांतील सारें अंतर या क्रियापदांत सांठलेलें असतें. परकीय सरकारानें केलेला, अनेक बाबतींत रेल्वे कंपन्यांच्या सोयीचा असा तो कायदा. पण या एका कलमांत त्यानें घरच्या माणसासारखा विचार केला, हें कबूल करणें न्याय्य होईल.

अर्थात् तें वाक्य पुरेसें होतें असें नव्हे. सबंध गाडींत एक शौचकूप कायद्यानें आवश्यक ठरलें. पण त्यांत पाणी असावें, उजेड असावा, दारास कडी असावी, याविषयीं कलम मौन पाळून होतें. शिवाय मुलांना सांभाळण्याचें काम स्त्रीचेंच, असें त्यानें गृहीत धरलें होतें. चार वर्षांच्या पोरक्या मुलीस घेऊन निघालेल्या बापास त्या खणाचा उपयोग नव्हता. उलट जाणूनबुजून स्त्रियांच्या राखीव खणांत शिरणारा पुरुष त्याच कायद्यानें दंडास पात्र होई. आणि म्हाताऱ्या, आजारी पुरुषांचें काय, याचेंहि उत्तर त्यांत नव्हतें.

त्या उत्तराची आठवण रेल्वेस करून दिली ती एका बंगाली उतारूनें. १९०९ सालीं ओखिलचंद्र सेन नांवाच्या गृहस्थानें साहिबगंज येथील रेल्वे कचेरीस पाठविलेलें एक इंग्रजी पत्र प्रसिद्ध असून तें दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयामुळें पुष्कळांच्या परिचयाचें झालें आहे. फणस खाऊन त्यांचें पोट फुगलें होतें. अहमदपूर स्टेशनावर ते शौचास उतरले. इतक्यांत गार्डानें शिट्टी दिली. एका हातांत लोटा व दुसऱ्या हातांत धोतर धरून धांवतां धांवतां ते फलाटावर सर्वांदेखत पडले, आणि गाडी त्यांना तेथेंच टाकून निघून गेली. गार्डास दंड करा, नाहीं तर वर्तमानपत्रांत सारें छापवितों, असा त्यांनीं दम भरला. पत्राचें इंग्रजी मोडकें आहे म्हणून लोक तें हंसत हंसत वाचतात. पण तें हंसूं ओसरल्यावर जें उरतें तें हंसण्यासारखें नाहीं. खालच्या वर्गाच्या डब्यांत शौचकुपें बसविण्याच्या निर्णयास हेंच पत्र कारण झालें, असें सांगण्याचा प्रघात आहे. तें कितपत खरें हा प्रश्न बाजूस ठेवला, तरी त्या गृहस्थांनीं लाज सोडून जें लिहिलें, तें त्याच फलाटांवर त्याच अवस्थेंत सांपडणारी कोणतीहि कुलस्त्री लिहूं शकली नसती, एवढें मात्र खरें. तिच्या वतीनें जें कांहीं बोललें गेलें तें १८९० च्या कलमानेंच.

शौचकूप असणें निराळें आणि तें वापरण्याजोगें असणें निराळें, हा धडा १९१७ सालीं महात्मा गांधींनीं दिला. तिसऱ्या वर्गाच्या प्रवासाविषयीं त्यांनीं त्या वर्षीं वर्तमानपत्रांकरितां जें पत्र लिहिलें, त्यांत मुंबईहून मद्रासपर्यंतच्या त्यांच्या प्रवासाची हकीकत आहे. २२ माणसांसाठीं म्हणून पाटी लावलेल्या डब्यांत त्याहून पुष्कळ अधिक माणसें कोंबलेलीं. सबंध वाटेंत डबा एकदांहि झाडला गेला नाहीं. शौचकूप साफ झालें नाहीं आणि त्याच्या टांकींत पाणी नव्हतें. कायद्याचें वाक्य पाळलें गेलें असेलहि. पण त्या वाक्याचा हेतु टांकीबरोबरच कोरडा पडला होता. भिंती उभारून देणें सोपें. त्यांत रोज पाणी भरणें कठीण. म्हणून या बाबतींतील कोणताहि नियम बांधकामापाशीं थांबला तर तो अर्धाच राहतो.

स्वातंत्र्यानंतर चित्र बरेंच पालटलें. १९७४ सालीं तिसरा वर्ग नांवापुरता तरी संपला. लांब पल्ल्याच्या गाड्यांतील प्रत्येक डब्यास शौचालयें आलीं. शयनयानाच्या जुन्या धर्तीच्या डब्यांत ७२ बर्थांस चार, म्हणजे अठरा माणसांमागें एक असा हिशेब झाला. मागाहून, २०११ पासूनच्या वर्षांत, मैला रुळांवर पडूं न देणारीं जैव शौचालयें आलीं. त्यांच्या टांकींतील जिवाणू मैल्याचें विघटन करतात. या सुधारणा लहान नव्हत. परंतु याच काळांत आणखी एक गोष्ट घडली, आणि तिचा फारसा गवगवा झाला नाहीं. १८९० चा कायदा जाऊन त्याच्या जागीं १९८९ चा रेल्वे कायदा आला व १९९० पासून तो अमलांत आहे. त्याचें ५८ वें कलम स्त्रियांच्या राखीव जागेसंबंधीं आहे. प्रत्येक गाडींत स्त्रियांसाठीं एक खण, किंवा रेल्वे प्रशासनास योग्य वाटतील तितके बर्थ अथवा आसनें, राखून ठेवावीं असें तें सांगतें. ‘सर्वांत खालच्या वर्गाचा’ हे शब्द गेले. ५० मैलांचें माप गेलें. आणि शौचकुपाचें वाक्यहि गेलें.

यांत कोणाचा दुष्ट हेतु होता असें म्हणण्याचें कारण नाहीं. सर्व लांबच्या गाड्यांत शौचालयें आहेतच, मग एका खणाची गोष्ट कशास हवी, असा विचार सहज सुचण्यासारखा आहे. पण त्याचा परिणाम असा झाला कीं, गाडींतील शौचालय कसें असावें, कोणाच्या उपयोगी पडावें, याविषयीं त्या कलमांत आतां चकार शब्द उरला नाहीं. पूर्वींच्या वाक्याची सुधारून वाढ व्हावयाची, ती न होतां तें वाक्यच गळालें. गरज सरली म्हणून वैद्य गेला. पण गरज खरोखर सरली होती काय?

ती सरली नव्हती; तिनें रूप मात्र बदललें होतें. पूर्वीं एकत्र कुटुंबांत प्रवासास निघतांना बरोबर आत्या, मावशी, निदान एखादी विधवा काकू असे. मूल एकीनें धरावें, दुसरीनें आडोसा करावा. आजच्या शहरांतील आई किंवा बाप पुष्कळदां एकटाच मुलांस घेऊन निघतो. रात्रीं दोन वाजतां मुंबई-नागपूर गाडींत तान्ह्यानें कपडे भिजविले तर तिनें काय करावें? डब्यांतील दिवे मालवलेले. बर्थावर दुपटें बदलावें तर शेजाऱ्यांस त्रास व लाज. शौचालयांत न्यावें तर तेथें मुलास टेकविण्यास वीतभर कोरडी जागा नाहीं. जमीन ओली, गाडी हलते, एका हातानें मूल, दुसऱ्या हातानें भिंतीची कडी. मग लंगोट कोणत्या हातानें बदलावा? आणि एवढा वेळ धाकट्याच्या पाठीं असतांना पांच वर्षांचें थोरलें बर्थावर एकटें. भिजलेला लंगोट टाकण्यास आंत डबा नसेल, तर तो खिडकीबाहेर किंवा भांड्यांत जातो. आणि जैव शौचालयाच्या टांकींत कापड किंवा प्लास्टिकचा लंगोट गेला म्हणजे ती तुंबते. मग त्याचा भोग डब्यांतील सर्वांसच भोगावा लागतो. म्हणजे लेकुरवाळीची अडचण ही तिच्या एकटीची राहत नाहीं.

येथें आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. पांच वर्षांखालील मुलास स्वतंत्र जागा न घेतल्यास रेल्वेंत तिकीट पडत नाहीं. ही सवलत चांगलीच. पण तिच्यामुळें तें मूल तिकिटांच्या हिशेबांतूनहि गळतें. ज्याचें तिकीट नाहीं त्याची मोजदाद नाहीं, आणि ज्याची मोजदाद नाहीं त्याच्यासाठीं कांहीं बांधावयाचें असतें हें ध्यानांत राहत नाहीं.

रेल्वेस याची जाणीवच नाहीं असें म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. २०१६ च्या फेब्रुवारींत रेल्वेमंत्री सुरेश प्रभु यांनीं मांडलेल्या अंदाजपत्रकांत तान्ह्या मुलांसह प्रवास करणाऱ्या मातांसाठीं बालकांचें खाद्य, ऊन दूध, ऊन पाणी आणि मुलास ठेवण्याची फळी यांचा उल्लेख होता. त्याच वर्षाच्या अखेरीस सुरू झालेल्या हमसफर एक्स्प्रेसच्या डब्यांत लंगोट बदलण्याची सोय करण्यांत आली. २०२२ च्या मे महिन्यांत लखनौ मेलच्या एका डब्यांत आईच्या खालच्या बर्थास जोडून तान्ह्यासाठीं लहानसा बर्थ बसविण्याचा प्रयोग झाला. हे सर्व प्रयत्न स्तुत्य आहेत. परंतु त्यांकडे नीट पाहिलें असतां एक गोष्ट दिसते: एक घोषणा एका मंत्र्याची, एक सोय एका जातीच्या गाडीची, एक प्रयोग एका डब्याचा. जें सद्भावनेनें दिलें जातें तें देणारा बदलला कीं थांबूं शकतें. आणि थांबल्यास कोणीं कोणास विचारावें हें कोठेंच लिहिलेलें नसतें.

वाक्यरचनेचें महत्त्व किती असतें, याचें एक उदाहरण अपंगांसंबंधींच्या कायद्यांत सांपडतें. १९९५ सालच्या कायद्याच्या ४४ व्या कलमांत रेल्वेचे डबे, जहाजें, विमानें व विश्रांतिगृहें यांतील शौचालयें चाकांच्या खुर्चीवरील माणसास सहज वापरतां येतील अशीं करावीं, असें स्पष्ट सांगितलें होतें. १८९० नंतर गाडींतील शौचालयाविषयीं कायद्यानें इतकें उघड क्वचितच बोललें असेल. पण त्याच कलमाच्या आरंभीं ‘आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेंत’ अशा अर्थाचे शब्द होते. २०१६ च्या नव्या कायद्यानें अपंगांचा हक्क पुष्कळ व्यापक केला, हें मोठेंच काम झालें; तथापि जुन्या वाहनांत फेरफार करण्याचा प्रश्न आला तेथें ‘तांत्रिक दृष्ट्या शक्य’ व ‘आर्थिक दृष्ट्या परवडेल’ अशा अटी त्यांतहि आल्याच. दरवाजा उघडा ठेवावयाचा आणि उंबऱ्याशीं एक दगडहि ठेवावयाचा, तसें हें होतें. या दोन्ही कायद्यांच्या शेजारीं १८९० चें तें जुनें, रोखठोक वाक्य ठेवून पाहावें, म्हणजे त्याची किंमत कळते.

अमेरिकेंतहि हा प्रश्न कायदेमंडळापर्यंत गेला आहे. २०१६ सालच्या ऑक्टोबरांत अध्यक्ष बराक ओबामा यांची सही होऊन तेथें असा कायदा झाला कीं, संघ सरकारच्या सार्वजनिक इमारतींत लोकांस खुल्या असलेल्या प्रसाधनगृहांत तान्ह्या मुलाचे कपडे बदलण्याची फळी असावी. आणि ती केवळ स्त्रियांच्या बाजूस नसून पुरुषांच्याहि बाजूस असावी. आपल्या १८९० च्या कलमांत जो बाप दाराबाहेर राहिला होता, त्यास येथें आंत घेतलें गेलें. पण तो कायदा इमारतींचा. गाडीच्या डब्यास तो लागू नव्हता. म्हणून अॅमट्रॅक या तेथील उतारू रेल्वेच्या डब्यांतहि तशी सोय बंधनकारक व्हावी, यासाठीं स्वतंत्र विधेयक अमेरिकन काँग्रेसपुढें मांडण्यांत आलें. ज्या देशांत पुष्कळसे लोक मोटारीनें व विमानानें प्रवास करतात, तेथें आगगाडींतील एका फळीसाठीं विधेयक येतें. आणि जेथें लग्न, बाळंतपण, आजारपण, देवदर्शन सारें आगगाडीवर अवलंबून, तेथें तो विषय अद्याप घोषणांच्याच हवालीं असावा, हें विचार करण्यासारखें आहे.

या मागणीवर जे आक्षेप येतात ते तीन. पहिला जागेचा. परंतु भिंतीस बिजागरीनें जोडलेली, काम झाल्यावर मिटून ठेवतां येणारी फळी चार बोटांहून अधिक जागा अडवीत नाहीं. आणि चाकांच्या खुर्चीसाठीं जें प्रशस्त शौचालय बांधावयाचें, त्यांतच ती बसविली तर एकाच बांधकामांत दोघांची सोय होते. दुसरा आक्षेप नासधुशीचा. लोक फळीवर सामान ठेवतील, ती मोडतील, असें म्हणतात. लोक नळहि मोडतात आणि दिवेहि चोरतात. म्हणून गाडींत नळ व दिवे बसवूं नयेत असें कोणी म्हणत नाहीं. तिसरा आक्षेप प्रतिष्ठेचा: एवढ्याशा गोष्टीसाठीं कायदा कशास? त्यास उत्तर एवढेंच कीं, गोष्ट लहान म्हणूनच तिला कायदा हवा. मोठ्या गोष्टींची आठवण ठेवण्यास मोठीं माणसें असतात. लहान गोष्टींचा वाली कोणी नसतो.

मग त्या कायद्यांत काय असावें? १८९० च्या नमुन्याबरहुकूम दोन वाक्यें पुरतील. पहिलें वाक्य बांधणीचें: ठराविक अंतराहून अधिक जाणाऱ्या प्रत्येक गाडींत, सर्वांत खालच्या वर्गापासून आरंभ करून, प्रत्येक डब्यांतील निदान एका शौचालयांत मुलाचे कपडे बदलण्याची मिटती फळी, पिशवी अडकविण्याचा आंकडा, झांकणाचा कचऱ्याचा डबा आणि हातास सहज लागणारी कडी असलीच पाहिजे, आणि तें शौचालय आईस व बापास सारखेंच खुलें असलें पाहिजे. दुसरें वाक्य राखणीचें, १९१७ च्या त्या कोरड्या टांकीची आठवण ठेवणारें: गाडी सुटण्यापूर्वीं आणि वाटेंतील नेमलेल्या स्टेशनांवर तेथें पाणी, उजेड व स्वच्छता यांची पाहणी कोण करील, आणि ती न केल्यास जाब कोणास विचारावा, हें नांव घालून लिहिलेलें पाहिजे. खर्च किती, किती वर्षांत, जुन्या डब्यांस केव्हां व नव्यांस केव्हां, हे प्रश्न तज्ज्ञांनीं सोडवावे. क्रियापद मात्र ‘पाहिजे’ हेंच असावें.

सुशिक्षित घरांनीं या बाबतींत एक गोष्ट करण्यासारखी आहे. जे लोक वातानुकूलित डब्यांतून जातात, त्यांनीं स्वतःची सोय झाली म्हणजे प्रश्न मिटला असें मानूं नये. त्याच गाडीच्या टोकाच्या अनारक्षित डब्यांत, दाराशीं पथारी टाकून, कोणी एक बाई मांडीवर मूल घेऊन बसलेली असते. तिला फलाटावर उतरून धांवावें लागत नाहीं हें खरें. पण शौचालयाच्या दारापर्यंत पोंचण्यास तिला वीस माणसें ओलांडावीं लागतात, आणि आंत पोंचल्यावर मूल ठेवावयाचें कोठें हा प्रश्न तिच्यापुढेंहि उभाच राहतो. ती आजहि प्रवासाच्या आधीं पाणी तोडते. जुन्या कायद्यानें सोयीचा आरंभ तिच्यापासून केला होता. नव्यानेंहि तेथूनच करावा.

तान्ह्या मुलास अर्ज करतां येत नाहीं, मत देतां येत नाहीं, तक्रारवहींत लिहितां येत नाहीं. आणि त्याच्या आईस हें सारें करण्यास प्रवासांत हात मोकळे नसतात. अशांच्या वतीनें बोलावें म्हणूनच तर कायदा असतो. १८९० सालीं तो एक वाक्य बोलला होता. त्याच्यापुढचें वाक्य लिहिण्याचें काम आतां आपल्या लोकसभेचें आहे, आणि तें लिहा असें सांगण्याचें काम घरोघरच्या मतदारांचें.